पेंग्विनचा बर्फ आणि मेंबरांची फेरी

रविवारी व्हॉट्सॲपवर भाचीचा आवाज आला. वय वर्षं आठ, मुक्काम राणीची बाग, मागे गर्दीचा गलका. "आत्या, यांनी पेंग्विनला बर्फच नाही दिला! नुसतं पाणी आणि दगड!"

त्याच रात्री दादाने त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवरचं भांडण मला पाठवलं. सुरुवात साधी होती. कुणीतरी लिहिलं होतं की परदेशात झूची वर्षाची मेंबरशिप असते, मेंबरांना गाइडसकट फेरी मिळते, तसं आपल्याकडेही सुरू करावं. बागेला पैसे मिळतील आणि लोक जरा शिस्तीत बघतील. त्यावर लगेच उत्तर: "पाचाचं तिकीट पन्नास केलंत, आता मेंबरशिप. गरिबाने काय फाटकाबाहेरून वाघ बघायचा?" तिसरा म्हणाला, प्राणिसंग्रहालयंच बंद करा. चौथ्याने 2025 मधल्या आंदोलनाची आठवण काढली, पेंग्विनच्या पिल्लांना इंग्रजी नावं नकोत, मराठी द्या, म्हणून झालेलं. तिथून पुढे मूळ विषय कुणाला आठवला नाही. दादाने खाली मला विचारलं होतं, "तुम्ही घेता ना तिकडे ती मेंबरशिप? खरंच काही असतं त्यात, की नुसतं कार्ड?"

अमेरिकेतल्या एका मध्यम शहरात मला तेरा वर्षं झाली, आणि त्यातली बहुतेक वर्षं ते कार्ड पाकिटात आहे. घेतलं ते निव्वळ हिशेब करून. चौघांची तिकिटं काढायची तर तिसऱ्या खेपेलाच वर्षाची वर्गणी वसूल होते. देशातल्या इतर बऱ्याच संग्रहालयांत त्याच कार्डावर निम्म्या दरात प्रवेश मिळतो, तेवढं फिरणं कुणाचं होतं हा भाग वेगळा. खरा फायदा मला उशिरा कळला. तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून पोरांना सकाळपासून संध्याकाळपर्यंत फरफटवण्याची गरज राहत नाही. अर्धा तास जायचं, पाणमांजरं बघायची आणि घरी यायचं. सात-आठ खेपांनंतर मुलगा सांगू लागला की त्यातलं एक पाणमांजर डावखुरं आहे. खरं-खोटं देव जाणे, पण तो बघत होता.

गाइडसकट फेरी वर्षातून एकदा असते. फाटक उघडायच्या आधी, पंधरा जणांची. आमच्या गटाला मिळालेल्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, बिनपगारी स्वयंसेवक. अशांना इकडे डोसंट म्हणतात. रीतसर प्रशिक्षण घेऊन, परीक्षा दिल्यासारखे तयार होऊन येतात. बाईंनी आम्हाला पेंग्विनच्या मागच्या खोलीत नेलं. स्टीलच्या ट्रेमध्ये बर्फातून काढलेले चांदीसारखे मासे आणि हातमोजे घातलेली एक मुलगी. ती एक मासा उचलायची, कल्ला अंगठ्याने उघडायची आणि आत छोटी गोळी सरकवायची. जीवनसत्त्वाची. गोठवून ठेवलेल्या माशातलं बी-1 कमी होत जातं, ते असं भरून काढायचं. प्रत्येक पक्ष्याच्या पंखाला रंगीत पट्टी, आणि भिंतीवरच्या तक्त्यात पट्टीच्या रंगापुढे किती मासे खाल्ले त्याचे आकडे. एका रकान्यात नेहमीपेक्षा चार कमी होते, तर मुलगी बाईंकडे बघून म्हणाली, "आज हिच्यावर लक्ष ठेवायला हवं."

मग बाईंनी सांगितलं की हे हंबोल्ट पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. थंड समुद्रात पोहतात खरे, पण अंटार्क्टिकाशी त्यांचा संबंध नाही. किनाऱ्यावर पावसाचं नाव नाही, कुठेकुठे निवडुंग. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे वर्षानुवर्षं साचलेले थर असतात, त्यात बीळ खणून हे अंडी घालायचे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या शेतांना खत म्हणून लोकांनी ते थरच जहाजं भरभरून उचलून नेले. घर गेलं ते असं. राणीच्या बागेत 2016 साली दक्षिण कोरियाहून आठ पेंग्विन आणले, तेही हंबोल्टच. भाचीची तक्रार म्हणजे रत्नागिरीच्या माणसाला विचारण्यासारखी आहे की तुमच्याकडे हिमवादळ कसं नाही. पण तिला हे कोण सांगणार?

त्याच सकाळी फाटक उघडल्यावर काचेपाशी जी गर्दी झाली, तिच्यातही दर दुसरा बाप पोराला "बघ, बर्फात राहतात हे" असं सांगत होता. म्हणजे अज्ञानात आपण आणि हे सारखेच. फरक इतकाच की आम्ही पंधरा जण कार्डवाले होतो. ती चार वाक्यं ज्या हजारभर लोकांना हवी होती, ती ऐकायला मिळाली आम्हालाच.

कार्डवाल्यांना आधी, बाकीच्यांना मग, हे आजचं नाही. लंडनचं झू 1828 मध्ये उघडलं ते ते चालवणाऱ्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या सभासदांसाठी आणि त्यांची चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांसाठी. सर्वसामान्यांना पैसे भरून आत जायला 1847 उजाडलं. राणीच्या बागेचा जन्मही अशाच एका बागायती सोसायटीच्या हातून झाला, पण 1873 मध्ये ती नगरपालिकेकडे आली आणि तेव्हापासून आपली आहे. गिरणीतून सुटलेला माणूस पोराला खांद्यावर घेऊन हत्ती दाखवायला न्यायचा ती हीच. म्हणून मेंबरशिप म्हटलं की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि मला त्या पटतात.

आता दादाच्या ग्रुपवर कुणी न केलेला हिशेब. 2017 मध्ये तिकीट पाचावरून पन्नासवर गेलं तेव्हा आई-बाप आणि दोन मुलं अशा कुटुंबाला शंभर रुपये ठरले. दहा खेपा, हजार रुपये. थोडे नाहीत हे, पण इकडच्यासारखे डोळे पांढरे करणारेही नाहीत. इकडची मेंबरशिप विकली जाते ती मुळात तिकीट महाग आहे म्हणून. जिथे तिकीट स्वस्त, तिथे मेंबराला द्यायला सूट उरत नाही. मग द्यायचं काय? वेगळी रांग. पडद्यामागे शिरकाव. इतरांपेक्षा दोन हात जवळ जाण्याचा मान. मला भीती आहे ती याची, कारण इकडे मी या शिडीच्या वरच्या पायऱ्या पाहिल्या आहेत. साध्या वर्गणीवर अमुक, तिप्पट भरली तर जिराफाला हाताने पाला, त्याहून वर गेलात तर मुलाचा वाढदिवस.

ही शिडी कुठवर जाते त्याचं उदाहरण फार जुनं नाही. मायामीच्या झूमध्ये पैसे भरून किवी पक्ष्याला हात लावता यायचा. पाओरा त्याचं नाव. किवी म्हणजे न्यूझीलंडचा मानाचा पक्षी. निशाचर, अंधारात मातीत चोच खुपसून जगणारा, आणि त्याला भर उजेडात टेबलावर ठेवून लोक डोकं कुरवाळत होते. 2023 च्या मे महिन्यात त्याचं चित्रण न्यूझीलंडमध्ये पोचलं आणि तिथले लोक असे उसळले की झूला माफी मागून तो प्रकार बंद करावा लागला. त्या दिवसांत मला त्या लोकांचं फार कौतुक वाटलं. आपल्या गावचं काही परक्या मुलखात असं मांडलेलं दिसलं की कसं होतं ते इकडे राहून कळतं.

आणि गंमत बघा. जिराफाला पाला भरवण्याचे इकडे जादा पैसे मोजावे लागतात, आपल्याकडे प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला प्रेक्षकाने खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 38 जे. छेडणं, खायला घालणं, आरडाओरडा करून त्रास देणं, कचरा करणं, सगळं त्यात आलं. कलम कागदावर किती आणि पिंजऱ्यापाशी किती ते आपण जाणतो. पण कागदावर तरी आपण इकडच्यांपेक्षा शहाणे निघालो, हे मी दादाला जरा ठसक्यातच लिहिलं.

इकडे सगळंच असं नाही. आमच्यापासून काही तासांवर सेंट लुइस आहे. तिथल्या झूला तिकीटच नाही. 1904 च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेला पक्ष्यांचा भलामोठा जाळीचा पिंजरा शहराने विकत घेऊन ठेवला, आणि 1916 मध्ये लोकांनी मतदान करून झूसाठी स्वतःवर कर लावून घेतला. त्या पिंजऱ्यातून आजही फुकट चालत जाता येतं. मेंबर तिथेही आहेत, पण फाटकाच्या आत जायला त्यांची गरज कुणाला पडत नाही. मुंबई महापालिकेला शोभणारं उदाहरण हे आहे, आमच्या गावचं नव्हे.

म्हणून दादाला माझं उत्तर असं गेलं: कार्ड आणू नका, त्या बाई आणा. निवृत्त शिक्षक आपल्याकडे काय कमी आहेत? 1883 पासूनची बीएनएचएस, म्हणजे निसर्ग अभ्यासणारी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, मुंबईतच आहे. खुद्द राणीच्या बागेत झाडं दाखवत फिरवणारे हौशी वृक्षप्रेमी आहेत. उर्वशीचं झाड फुललेलं असलं की त्याच्यापाशी थांबून पंधरा मिनिटं बोलणारे. झाडाला हे मिळतं, तर पेंग्विनला का नाही? मराठीत, हिंदीत, काचेपाशी उभं राहून, तिकीट काढलेल्या कुणालाही. हवी तर मेंबरशिपही काढा, पण तिच्या पैशातून या माणसांचं प्रशिक्षण आणि चहापाणी होऊ दे. मेंबराला फार तर निवांत वेळ द्या, सकाळचा. माहिती त्याच्यासाठी राखून ठेवू नका.

दादाने उलट टोला दिला, आणि तो बिनतोड होता. "रविवारी ये इथे. पेंग्विनच्या हॉलमध्ये गार्ड 'पुढे चला, पुढे चला' करून लोकांना ढकलतो. तुझ्या बाई बोलणार कधी, आणि ऐकणार कोण?" खरं आहे. तेरा वर्षांत मी ती गर्दी विसरले. रविवारी जमणार नाही. शाळांच्या सहली येतात त्या दिवशी जमेल, सकाळी लवकर जमेल, आणि हॉलच्या बाहेर जिथे रांग तासभर उभी असते तिथे तर नक्की जमेल. रांगेतल्या माणसाला तसंही दुसरं काम नसतं. प्राणी सांभाळणाऱ्या माणसांवर मात्र हे लादू नका, त्यांचे हात आधीच भरलेले असतात.

भाचीला मी वेगळा निरोप पाठवला. पेरू, निवडुंग, विष्ठेतलं बीळ, माशाच्या कल्ल्यातली गोळी. विष्ठेला ती खूप वेळ हसली म्हणे. मग तिचा प्रश्न आला, "गोळी कळत नाही का त्याला?" मी म्हटलं, मासा अख्खा गिळतो ग, कळायला वेळच कुठे मिळतो.

थोड्या वेळाने पुन्हा तिचा आवाज. "आत्या, आईला नको सांगूस हे. ती माझ्या आमरसात घालेल."