बरोबर जाणारा इसम

बायकोला जर्मनीत स्टुटगार्टला नोकरी लागली, मी इथली सोडली आणि आम्ही दोघं निघालो. एवढीच हकीकत आहे. पण गेल्या मंगळवारी मुंबईत व्हिसा केंद्राच्या इमारतीखाली, वेळेआधी वर सोडत नाहीत म्हणून कट्ट्यावर टेकलो असताना, शेजारच्या काकांनी या हकीकतीचं जे काही केलं ते अजून डोक्यातून जात नाही.

काका डोंबिवलीचे, रिटायर्ड, मुलगा म्युनिकला. जाऊन-येऊन मुरलेले. त्यामुळे कट्ट्यावरच्या नवख्यांचे कागद तपासणं हे त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. एका मुलाला "इन्शुरन्स 30,000 युरोचा आहे ना? कमी असला तर परत पाठवतात" असं म्हणून घाम फोडला. एका बाईंना 180 दिवसांत 90 दिवसच राहता येण्याचं गणित बोटांवर करून दाखवलं. मग माझा नंबर लागला.

"तुमची कंपनी कोणती?"

"माझी नाही, हिची. हिला लागलीय तिकडे नोकरी."

"हो का? मॅडमपण करतात? छान, छान. पण तुमची कोणती?"

"मी हिच्याबरोबर चाललोय."

"ते झालंच हो. पण जाताय कशावर?"

"हिच्यावर."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. आधी माझ्या फाईलकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे. आणि पुढचं वाक्य आलं ते एकदम घरगुती होऊन.

"म्हणजे तुला नाही मिळाली?"

दोन मिनिटांत मी 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो होतो. बायको मात्र शेवटपर्यंत मॅडमच राहिली.

"मिळाली नाही असं नाही काका, मी अजून शोधलीच नाही. तिथे गेल्यावर बघणार. मला काम करायची परवानगी आहे."

"जर्मन येतं?"

"अजून नाही."

"मग ए-वनची परीक्षा? ती तर द्यावीच लागते. आमच्या सूनबाई सहा महिने घोकत होत्या."

इथे मी जरा ताठ बसलो, कारण नियम मला पाठ होता. एरवी नवरा-बायकोतल्या मागून जाणाऱ्याला ए-वन लागते, पण जिच्या जिवावर चाललोय तिचं ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना, असेल तर ही परीक्षा माफ असते. हे मी काकांना मुद्देसूद सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि काकूंकडे वळून, "याला आईपण नाही" म्हणावं त्या सुरात म्हणाले, "अगं, याला परीक्षापण नाही."

काकूंनी पिशवीतून राजगिऱ्याची वडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. फक्त माझ्या.

"असू दे. होईल काहीतरी," त्या म्हणाल्या.

वास्तविक मला काहीही झालेलं नव्हतं. दहा वर्षांची नोकरी, 90 दिवसांचा नोटीस पिरियड नीट भरून, कुणाशी वाकडं न घेता सोडली होती. तिथेही एक गंमत झालीच. निघताना ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, त्यात सोडण्याच्या कारणांची यादी. मी 'जोडीदाराचे स्थलांतर' निवडलं. दुसऱ्या दिवशी एचआरमधल्या मुलीचा फोन. "सर, चुकून क्लिक झालंय का? ते लेडीजसाठी आहे." शेवटी तिने 'उच्च शिक्षण' टाकलं. कुठलं शिक्षण, ते मला अजून कळायचंय.

घरची तऱ्हा वेगळी. बायकोला तिच्या नव्या ऑफिसातून शहराची माहिती देणारी एक पीडीएफ आली. त्यात म्हटलं होतं की त्या भागात 'केरवोख' नावाची पद्धत आहे. इमारतीतल्या भाडेकरूंनी आठवड्याच्या पाळीने जिना आणि घरापुढचा रस्ता झाडायचा, ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. मी हे हौसेनं आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे ती ऑफिसला जाणार आणि तू जिने झाडणार." तेव्हापासून ती नातेवाइकांना सांगताना स्टुटगार्ट हे मुंबईचं जोडशहर आहे, 1968 पासून, एवढंच सांगते. मी तिथे काय करणार, यावर तिने मौन धरलंय.

तर काका. एव्हाना त्यांनी माझी केस हातात घेतली होती.

"स्वयंपाक येतो?"

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "फार छान करतो, काका. पोळ्या तर माझ्यापेक्षा चांगल्या." फितुरी यालाच म्हणतात.

काकांनी मांडीवर थाप मारली. "पोळ्या! झालं की मग! अरे, तिकडे आपली पोरं त्या पाकिटातल्या पोळ्या खातात. रबर रे, रबर. तू दिवसाला पन्नास लाटल्यास तरी मॅडमना हातभार." मग ते कट्ट्यावरच्या सगळ्यांना म्हणाले, "यांचं ठरलं हो, पोळ्यांचं." इन्शुरन्सवाल्या मुलाने अंगठा वर केला. 90 दिवसवाल्या बाईंनी विचारलं, "पुरणाच्या पण?"

मी हसलो. फोटोत तोंड मिटून, कोऱ्या चेहऱ्याने बघायचं असतं, त्याची तालीम स्टुडिओत झालेली होती, ती कामाला आली.

हे सगळं परत येताना शिवनेरीत बायकोबरोबर विनोद म्हणून उगाळायला लागलो आणि मधेच माझा आवाज चढला. तिने शांतपणे माझ्या आतेबहिणीचं नाव काढलं. ही आतेबहीण इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, आमच्या घराण्यात सगळ्यात हुशार. 2011 मध्ये लग्न करून नवऱ्यामागे एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर अमेरिकेला गेली. तेव्हा एच-फोरवाल्यांना कामाची परवानगीच नव्हती. 2015 मध्ये मिळाली, तीही ज्यांच्या नवऱ्याचं ग्रीन कार्डचं प्रकरण एका टप्प्यापुढे गेलंय त्यांनाच. तिच्या निरोप समारंभाला मी होतो. "तू तिथे काय करणार?" असं तिला एका माणसानेही विचारलं नाही. मीही नाही. सगळ्यांनी मिळून प्रेशर कुकर दिला, आणि तो बॅगेत मावावा म्हणून त्याची शिट्टी कपड्यांत कशी गुंडाळायची यावर तासभर चर्चा झाली. ती तेव्हा हसत होती, असं मला आठवतं. की तो मिटल्या तोंडाचा फोटोच होता, सांगता येत नाही.

"तुला वडी तरी मिळाली," बायको म्हणाली.

मुद्दा बरोबर आहे, मान्य. पण बरोबर मुद्द्यानं राग जातो असं थोडंच आहे? शिवाय वर काउंटरवरही तेच. तिथल्या माणसाने दोघांच्या फाईली घेतल्या, माझी वर ठेवली, माझ्याकडे बघून "सर, तुमचं जॉब काँट्रॅक्ट?" म्हणाला. बायकोने तिचं पुढे सरकवलं. त्याने ते वाचलं, माझी फाईल उचलून खाली घातली, आणि त्यानंतर माझ्याशी एकदाच बोलला, बोटांचे ठसे घेताना: "जरा जोरात दाबा."

काकांनी जाताना नंबर मागून घेतला होता. द्यायला नको होता, पण वडी खाल्लेली होती. तेव्हापासून रोज सकाळी सुप्रभातच्या फुलांखाली काहीतरी येतं. कधी पोळ्या लाटायच्या यंत्राचा व्हिडिओ, कधी "खचू नकोस". कालचा निरोप असा: "मुलाशी बोललो. म्युनिक-स्टुटगार्ट रेल्वेने दोन-सव्वादोन तास. शनिवारी माल घेऊन आलास तर त्याच्या ग्रुपमधली बारा घरं पक्की. मॅडमना विचारून कळव."

मी तो मॅडमना दाखवला. त्यांनी चहाचा घोट घेतला, निरोप पुन्हा एकदा वाचला आणि म्हणाल्या, "रेल्वेचं भाडं कोण देणार, ते आधी विचार."