एकशे चार म्हणजे नऊशे

आमच्या पिकअपला नवे टायर घ्यायचे ठरले तेव्हा कळलं, टायरच्या कडेवरचं लिखाण वाचायला उकिडवं बसावं लागतं. बसल्यावर मान वाकडी करावी लागते, कारण ते गोल लिहिलेलं असतं. आणि जे हवं ते नेमकं खाली, चिखलाच्या बाजूला आलेलं असतं, म्हणून गाडी अर्धा फूट पुढे घ्यावी लागते. एवढा शारीरिक कष्टाचा मजकूर मी दुसरा वाचलेला नाही.

मजकूर असा: १९५/७० आर १५ सी १०४/१०२ आर. यातला १९५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत. १५ म्हणजे रिमचा व्यास, तो इंचांत. एका ओळीत तीन मोजमापं आणि तिघांची आपसांत बोलचाल नाही. मधला 'आर' रेडियलचा, म्हणजे टायरच्या बांधणीचा. शेवटचा 'आर' वेगाचा, ताशी १७० किलोमीटर. आमची पिकअप सामानासकट या वेगाच्या अर्ध्यावर गेली, तरी हौद्यातले पाइप आधी निघून जातील.

पण कामाच्या गाडीला महत्त्वाचे ते १०४ आणि १०२. हे किलो असावेत, असं कुणाही सरळ माणसाला वाटेल. नाहीत. १०४ म्हणजे एका टायरने पेलायचे ९०० किलो. १०० म्हणजे ८००. मग ८० म्हणजे काय? ४५०. आणि १२०? १४००. आकडा एकाने वाढला की वजन साधारण तीन टक्क्यांनी वाढतं, तेही आधीच वाढलेल्या वजनावर. शाळेत ज्याने चक्रवाढ व्याज ऑप्शनला टाकलं, त्याने पिकअप घेऊ नये.

१०४ च्या शेजारी १०२ कशाला? तर एका बाजूला दोन टायर जोडीने लावले, तर प्रत्येकाने ९०० ऐवजी ८५० च पेलायचे. जोडीतला एक ढिला पडला की सगळा भार दुसऱ्यावर येतो, हे धरूनच तो आकडा खाली आणलेला आहे. भागीदारीत धंदा करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

माझा भागीदार सज्जन आहे, कामसू आहे, पण वजन डोळ्यांनी मोजतो. हौद्यात जागा दिसली की त्याच्या लेखी गाडी रिकामी. वाळूची पोती भरून झाल्यावर वरच्या मोकळ्या हवेकडे बघून तो म्हणतो, "अजून केवढी जागा आहे!" टायरवाल्याने "भरता किती?" असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तसं काही नाही हो, आपलं सामान असतं." हे ऐकून टायरवाल्याने गाडीच्या मागच्या पाट्यांकडे, म्हणजे भार पेलणाऱ्या पोलादी स्प्रिंगांकडे पाहिलं. ते पाटे भाराने सरळ झाले होते. तो काही बोलला नाही, पण मला लाज वाटली.

मग सल्ले सुरू झाले. टायर घेताना सल्ला देण्यासाठी गाडी असावी लागत नाही, आवाज मोठा असला की पुरतं. एक म्हणाला, याच मापाचा कारचा टायर बसतो, गाडी कशी लोण्यासारखी चालते. बसतो, खरंच बसतो. रिमला काय कळतंय? पण त्या टायरवर ९७ लिहिलेलं होतं, म्हणजे ७३० किलो. माप तेच, रूप तेच, आणि चाकामागे १७० किलोंची तूट. १५ च्या शेजारी जो 'सी' आहे तो व्यापारी वाहनाचा, आणि त्याच्यासाठीच आपण उकिडवे बसलेलो असतो. दुसरीकडे भारश्रेणीचा म्हणून आणखी एक 'सी' असतो, तो सहा प्लायचा, म्हणजे थरांचा. एकाच अक्षराला दोन नोकऱ्या कुणी दिल्या, ते विचारायला माणूस सापडत नाही.

प्लायवरून तर भागीदार हटूनच बसला. "दहा प्लाय टाका, विषय संपला." टायरवाल्याने शांतपणे सांगितलं की आता आत दहा थर नसतात. टायरमध्ये सुताच्या दोऱ्यांचे थर असायचे तेव्हा ते मोजत; आता आकडा ताकदीचा राहिलाय, आत पॉलिएस्टरचे एकदोन थर आणि वर पोलादी पट्टे. भागीदाराचा चेहरा पडला. आठ थर पैशांसकट गायब झाल्यासारखा तो टायरकडे बघत राहिला.

मी वजनकाट्यावर जायचं ठरवलं. त्या दिवशी भागीदाराने संशयास्पद बेताने माल भरला. तरी मागची चाकं तेवढी काट्यावर घेतली तेव्हा १७०० किलो भरले. पुढचा आकडा रिकाम्या गाडीच्या आसपासच होता, कारण पिकअपमध्ये माल मागे आणि भोगही मागच्या टायरांचे. १७०० भागिले दोन, ८५०. "म्हणजे १०२ वर अगदी बरोबर बसतंय की!" भागीदार म्हणाला. बसतंय, पण गाडी गणितासारखी मधोमध भरलेली नसते. अवजारांची लोखंडी पेटी कायम डावीकडे, आणि ती हलवायची म्हटलं की दोघांच्याही पाठी दुखतात. शिवाय दाराच्या खांबावरच्या पट्टीवर मागच्या एक्सलची, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आसाची मर्यादा १७५० लिहिली होती. म्हणजे चाकामागे किमान ८७५ हवेत. १०४ चा टायर त्याच्या वर २५ किलो देतो. ठरलं.

"मग आणखी जड का नको?" कारण रिकाम्या गाडीला तसला टायर दगडासारखा लागतो, मागचं टोक खड्ड्याखड्ड्यावर उडतं, आणि जास्त हवा सोसायला रिमही त्या तोलाची लागते. ९०० चा शब्दसुद्धा टायरने पुऱ्या हवेवर दिलेला असतो. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते, वाकली की तापते, आणि तापलेला टायर भर रस्त्यात सोलून निघतो. म्हणून हवा बघायची ती चाकं थंड असताना, सकाळी निघण्याआधी. हे काम भागीदाराकडे दिलंय. तो टायरला लाथ मारून हवा बघतो.

पैसे देण्याआधी टायरवाला म्हणाला, "एकदम ताजा माल आहे साहेब." मी पुन्हा उकिडवा बसलो. कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा. ते वाचता येतात म्हटल्यावर त्याने न बोलता आतून दुसरे चार आणून दिले.

नवे टायर चढल्यावर भागीदाराने त्यांच्याभोवती एक फेरी मारली, कौतुकाने थोपटलं आणि म्हणाला, "आता दोनदोन पोती जास्त जातील." मी त्याला दार उघडून पट्टी दाखवली. एक्सल तोच, पाटे तेच, ब्रेक तेच, आकडाही तोच १७५०. टायर बदलून यातलं काहीच बदलत नाही, असं मी बराच वेळ समजावलं. त्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर पट्टीवर आमच्याच धंद्याचा स्टिकर होता, अगदी सरळ आणि चारही कोपरे नीट दाबून चिकटवलेला.