तीन भावांची फिल्म, आणि आपल्या बाऱ्या

डिस्को गाण्यांनी गाजलेल्या बी जीज या बँडवरची 'हाऊ कॅन यू मेंड अ ब्रोकन हार्ट' (२०२०) ही फ्रँक मार्शलची डॉक्युमेंटरी पाहिली नसेल तर जरूर पाहा. बँड म्हणजे बॅरी, रॉबिन आणि मॉरिस गिब हे तीन भाऊ, त्यातले रॉबिन-मॉरिस जुळे. भावाबरोबर गाणं म्हणजे काय हे सांगायला नोएल गॅलघर आणि निक जोनस आहेत, दोघेही स्वतःच्या भावांसोबत गायलेले. ते ऐकावंसं आहेच. पण माझ्या डोक्यातून जात नाही तो व्हिन्स लॉरेन्स.

१२ जुलै १९७९. शिकागोचं कॉमिस्की पार्क. डिस्कोची एक रेकॉर्ड आणा नि ९८ सेंटमध्ये बेसबॉल बघा, अशी डिस्कोचा राग असलेल्यांची जाहिरात. दोन सामन्यांच्या मध्ये त्या रेकॉर्डचा ढीग मैदानात स्फोट करून उडवला. गर्दी मैदानात घुसली, दुसरा सामना झालाच नाही. व्हिन्स तेव्हा तिथे लोकांना जागा दाखवायचं काम करणारा कृष्णवर्णीय पोरगा होता. तो सांगतो, लोकांनी आणलेल्यात डिस्कोशी संबंध नसलेल्या रेकॉर्डही होत्या. गाणारे काळे होते, एवढंच. याच व्हिन्सने पुढे १९८४ साली जेसी सॉन्डर्ससोबत 'ऑन अँड ऑन' केलं, हाउस या डिस्कोतूनच निघालेल्या क्लबच्या नाच-संगीतातल्या अगदी पहिल्या रेकॉर्डपैकी एक.

त्याला बोलू दिलं म्हणून मी दिग्दर्शकाला मानतो. तरी मला ते कमीच वाटतं. डिस्को वाढलं न्यूयॉर्कच्या क्लबांत, काळ्या, लॅटिनो आणि समलिंगी लोकांच्या नाचात. बॅरीचा तो उंच, पातळ आवाज काळे सोल गायक त्याच्या आधीपासून लावत होते. आणि कौतुक करायला क्लॅप्टन, ख्रिस मार्टिन, टिंबरलेक हे गोरे गायक. ज्यांच्या अंगणातून हे गाणं आलं त्यांच्या वाट्याला आणखी वेळ यायला हवा होता.

साथीदारांकडे मात्र फिल्म नीट बघते. 'स्टेइन अलाइव्ह' हे गाणं करताना ड्रमर डेनिस ब्रायन घरी गेला होता, म्हणून 'नाइट फीव्हर'मधल्या त्याच्याच ठेक्याची टेप कापून जोडली आणि फिरवत ठेवली. हे सगळं दाखवलंय.

आता आपल्याकडे या. आमच्या कुडाळ भागात डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा आळीपाळीने रंगणारा सामना, म्हटली की रात्र कमी पडते. मध्यंतरी आमच्या वाडीतल्या दोन बुवांवर, सख्ख्या भावांवर, एक फिल्म झाली. कॅमेरा पूर्ण वेळ बुवांच्या तोंडावर. पखवाजवाला कणीक मळून डाव्या बाजूला थापत होता, थाप मारून कान लावायचा, चिमूटभर काढायचा, परत थाप. त्या आवाजावर अख्खी बारी उभी राहते, पण त्याचं नाव शेवटच्या पाटीतही नाही. आणि बुवांची आई? दोघांना पहिल्या चाली तिने दिल्या, फुगडीच्या गाण्यांतून. खळ्यात शूटिंग चालू असताना ती मागच्या पडवीत बसून होती. तिला कोणी विचारलंच नाही. बाईमाणसाचं गाणं म्हणजे घरातलं, ते कशाला नोंदवायचं, असं आपणच ठरवून टाकलंय. देवळात पिढ्यान् पिढ्या सनई वाजवणाऱ्या घडशांचीही तीच गत.

येत्या चवथीला कोणी बाऱ्यांचं शूटिंग करणार असेल तर आधी मला मेसेज करा. ती आई अजून गाते. दुपारी जेवणं आटपली की तिला वेळ असतो, आणि पखवाजवाल्याचं घर तिथून चार पावलांवर आहे.