सरासरी ५० नव्हे

‘जाताना ताशी ६०, येताना ताशी ४०, म्हणून सरासरी वेग ताशी ५०’ असं सोडवलेलं गणित सध्या दहावी-अकरावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय. ते चूक आहे, तेही दोनदा.

अंतर १२० किलोमीटर धरा. जायला २ तास, यायला ३. एकूण २४० किलोमीटर, ५ तास. सरासरी चाल, म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ, ताशी ४८. हळू येताना वेळ जास्त गेला, म्हणून उत्तर ४० कडे झुकलं. आणि सरासरी वेग, म्हणजे विस्थापन (सुरुवातीपासून शेवटापर्यंतचं सरळ अंतर, दिशेसह) भागिले वेळ? शून्य! गाडी निघाली तिथेच परतली, विस्थापनच नाही.

बेरीज करून निम्मं करणं दोन्ही वेगांना सारखाच वेळ मिळाला तर चालतं, किंवा सरळ रेषेत त्वरण (वेग बदलण्याचा दर) एकसमान असेल तेव्हा सुरुवातीच्या नि शेवटच्या वेगाचं. इथे दोन्ही नाही.