२१ दिवसांत सवय लागते? कोणी सांगितलं भो?
जळगावच्या मॉर्निंग वॉकवाल्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, २१ दिवस रोज करा सवय पक्की, अन् एक दिवस जरी हुकला तर पहिल्यापासून मोजा. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. हा आकडा आला मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून, त्यांचं म्हणणं एवढंच की ऑपरेशननंतर पेशंटला नवा चेहरा अंगवळणी पडायला कमीत कमी २१ दिवस लागतात, फॉरवर्ड होता होता 'कमीत कमी' गळालं अन् चेहऱ्याचा विषय कुठल्याकुठे गेला.

पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर अभ्यास झाला, त्यात साधारण ६६ दिवस निघाले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ असा अंदाज, अन् पाणी प्यायच्या सवयीपेक्षा व्यायामाला जास्त वेळ लागला (लागणारच). मधला एखादा दिवस हुकल्याने मात्र फार फरक पडला नाही.

तर रात्री शेतात भरीत पार्टी झाली अन् सकाळी मेहरूण तलावाला खाडा पडला म्हणून बूट माळ्यावर टाकू नका, दुसऱ्या दिवशी त्याच टायमाला निघा. मे महिन्यात तेवढं साडेपाचलाच निघा, सातनंतर आपल्याकडचं ऊन संकल्प-बिंकल्प काही बघत नाही.