आत्या, ती बेटं तिथल्याच माणसांनी बांधली

‘स्कॉटलंडच्या तळ्यांत पिरॅमिडहून जुनी मानवनिर्मित बेटं! तिथल्या जंगली लोकांना हे शक्यच नव्हतं. लाकूड आजही कुजलेलं नाही. शास्त्रज्ञ लपवताहेत.’ आत्याने हे घरच्या ग्रुपवर टाकलं तेव्हा मी गप्प बसलो. पण काल भाचीच्या प्रकल्पवहीत ‘जंगली लोक’ जसंच्या तसं उतरलेलं दिसलं.

लपवालपवीचं आधी उरकतो. स्कॉटलंडच्या लुइस बेटावरच्या एका तळ्यात, अशाच एका मानवनिर्मित बेटाभोवती, 2012 साली क्रिस मरे या नौदलातल्या माजी पाणबुड्याला मडकी सापडली. त्याने संग्रहालयाला कळवलं. 2019 मध्ये डंकन गॅरो आणि फ्रेझर स्टर्ट या पुरातत्त्वज्ञांनी ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात सगळं छापलं. छान लपवलं!

‘पिरॅमिडहून जुनी’ हे काही बेटांपुरतं खरं आहे, मान्य. त्याच लेखात इ.स.पू. 3640 ते 3360 असा काळ निघालाय. गिझाचा मोठा पिरॅमिड त्यानंतर कितीतरी शतकांनी उभा राहिला. पण अशी बेटं, म्हणजे ‘क्रॅनॉग’, शेकडो आहेत आणि बरीचशी लोहयुगातली किंवा नंतरची.

आता ते ‘शक्यच नव्हतं’. टे नावाच्या तळ्यातल्या ओकबँक क्रॅनॉगचं उत्खनन निकोलस डिक्सन यांनी 1980 पासून पाण्यात उतरून केलं. रचना अशी: काठाजवळच्या उथळ पाण्यात आल्डरच्या झाडाचे खांब गाळात रोवायचे, वर ओंडक्यांचा माच, माचावर शाकारलेलं गोल घर, काठापर्यंत लाकडी साकव. काही ठिकाणी, विशेषतः लुइसकडे, दगडांची भर. यात कुठली हरवलेली महासंस्कृती लागते? कोकणात साकव घालणाऱ्याला विचारा. डिक्सन यांच्या चमूने तसंच घर नव्याने बांधून 1997 मध्ये लोकांना खुलं केलं. 2021 मध्ये ते आगीत गेलं, ही गोष्ट वेगळी.

लाकूड टिकलं ते गार पाण्याखालच्या गाळात हवा पोचत नाही म्हणून. त्याच गाळात सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचं एक लाकडी भांडं मिळालं, आत लोण्याचा अंश चिकटलेला. गुरं पाळून, दूध घुसळून, लोणी भांड्यात भरून ठेवणारी माणसं, आणि आपण त्यांना जंगली म्हणायचं?

भाचीने तो शब्द खोडला. आता काय लिहिणार, विचारलं तर म्हणाली, ‘लोणी खाणारे लोक.’