तुलुम ‘अर्ध्या दिवसात आरामात’ होत नाही

मेक्सिकोतल्या कोझुमेलला क्रूझचं जहाज लागलं की तुलुम (माया लोकांचं प्राचीन शहर) अर्ध्या दिवसात आरामात बघून होतं, हे क्रूझवरच्या लेखातलं वाक्य लोकांना अडचणीत आणेल. कोझुमेल बेट आहे, तुलुम मुख्य भूमीवर. आधी फेरीने किनाऱ्यावरच्या प्लाया देल कार्मेनला पाऊण तास, पुढे बसने तासभर, येताना तेवढंच. समुद्र खवळला की फेरी रखडते.

आणि घड्याळाचं तर लिहिलंच नाही! ही ठिकाणं ज्या किंताना रू राज्यात आहेत, ते २०१५पासून उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं) पाळत नाही. अमेरिकेतल्या मायामीहून आलेल्या जहाजाने उन्हाळ्यात मायामीचीच वेळ ठेवली, तर किनाऱ्यावर मोबाइल आपोआप तासभर मागे जातो आणि माणूस गाफील राहतो. मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. वेळ कमी असेल तर बेटावरचंच सान हेर्वासियो बघा. माया लोकांच्या इश्चेल देवीचं जुनं तीर्थक्षेत्र, टॅक्सीने जाता येतं.